शाळेच्या वाटेवरचे पक्षी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला नेमून दिलेला विषय पक्षिनिरीक्षण हा आहे. हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गळ्यात दुर्बीण अडकवलेला, मोटारीतून दूरच्या अरण्यात जाणारा एखादा हौशी शहरवासी उभा राहतो. आपल्या शाळेजवळ दुर्बीण नाही आणि मोटारही नाही; तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पक्षी पाहण्यास खरोखर तीन गोष्टी लागतात: रोजच्या पायाखालची एक शांत वाट, ती वाट बारा महिने चालणारी माणसे, आणि जे पाहिले तेवढेच लिहिण्याची शिस्त. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खेड्यातील शाळेजवळ जितक्या आहेत, तितक्या दुसऱ्या कोणाजवळही नाहीत. तिसरी गोष्ट मुलांना लावून देणे हे आपले, शिक्षकांचे काम आहे. हे काम का करावे आणि कसे करावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

उदाहरणासाठी मी मुंबईच्या उपनगरांतील रस्ते घेणार आहे. खेड्यातील शिक्षकांपुढे अंधेरी-बोरिवलीची उदाहरणे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी एके काळी साष्टी बेटावरील खेडीच होती. तेथे भातखाचरे होती, ताडाची बने होती, खाडीकाठी मिठागरे होती. आज तेथे घरांवर घरे चढली आहेत. तरीही दोन-चार शांत रस्ते उरले आहेत, आणि त्या रस्त्यांवर चालण्यासाठी माणसे पहाटे उठून, लोकलगाडी बदलून, तासाभराचा प्रवास करून येतात. जे त्यांना एवढ्या सायासाने मिळते, ते आपल्या शाळेच्या फाटकापासून सुरू होते. हे आपल्या ध्यानी यावे, म्हणून हे उदाहरण.

त्या रस्त्यांपैकी पहिला बोरिवलीचा. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे सहा-सात किलोमीटरचा हा रस्ता दहिसर नदीला सोबत घेऊन झाडीतून चढत जातो. हे वन येथे कसे उरले, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. मुंबई शहराला पिण्याचे पाणी हवे, म्हणून या डोंगरांत १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून पुरा झाला. तलावात येणारे पाणी निर्मळ राहावे, म्हणून भोवतालच्या उतारांवर वस्ती होऊ दिली नाही. पाण्यासाठी वन राखले, आणि वनाबरोबर पक्षी राहिले. आज या उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पश्चिमेस गोरेगावपासून बोरिवलीपर्यंतची आणि पूर्वेस भांडुप-मुलुंडची वस्ती त्याला अगदी टेकून उभी आहे.

दुसरा रस्ता गोरेगावहून पवईकडे जाणारा, आरे दुग्ध वसाहतीतून. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत, म्हणून १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. येथे दाट वनापेक्षा गवताळ माळ, गोठे आणि विखुरलेली झाडे अधिक. तिसरा रस्ता भांडुप-मुलुंडच्या पूर्वेस, मिठागरांच्या कडेने ठाण्याच्या खाडीकडे जाणारा.

हे तीनही रस्ते एकमेकांपासून फार दूर नाहीत. परंतु एका सकाळी तिन्हींवर चालले, तर तीन निराळ्या मुलुखांत जाऊन आल्यासारखे वाटते. कान्हेरीच्या रस्त्यावर बांबूच्या बेटापाशी नाचण पक्षी शेपटीचा पंखा उघडून नाचतो, टकाचोर ओरडतो, आणि मृगाच्या सुमारास रानातून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. आरेच्या माळावर म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसतो आणि तिच्या पायांशी गायबगळे चालतात. खाडीच्या रस्त्यावर लांब तांबड्या पायांचे शेकाटे उथळ पाण्यात उभे असतात, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे गुलाबी पट्ट्यासारखे दिसतात. हे रोहित ज्या खाडीत उतरतात, तिच्या काही भागाला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. पक्षी जागेवरून ओळखावा, हा पहिला धडा या तीन रस्त्यांत आहे. आपल्या गावची ओढ्याची वाट, माळाची वाट आणि गावठाणातली वाट यांतही हाच धडा मिळेल. मुलांना तो सांगू नका. त्यांच्याकडून दोन वाटांच्या दोन याद्या करून घ्या. तो त्यांना आपोआप सापडेल.

आता दुसऱ्या धड्याकडे वळतो. तो माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. आपण मुलांना बरेच ज्ञान शब्दांतून देतो, आणि शब्द पुष्कळदा डोळ्यांच्या आड येतात. चार साधी उदाहरणे देतो.

खंड्या पक्षी काय खातो, असे वर्गात विचारले, तर सारी मुले एका सुरात 'मासे' म्हणतील. आता हीच मुले घेऊन वाटेवर जा. तपकिरी डोके, पांढरा गळा, झळझळीत निळी पाठ आणि लाल चोच असलेला आपला नेहमीचा खंड्या पाण्यापासून कितीतरी दूर विजेच्या तारेवर बसलेला दिसेल. तो खाली झेपावतो आणि नाकतोडा किंवा सरडा उचलून परत तारेवर येतो. आरेच्या माळावर हा देखावा रोजचा आहे. पुस्तकातले उत्तर खोटे नाही, ते अपुरे आहे. आणि ते अपुरे आहे हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळणे, यालाच मी शिक्षण म्हणतो.

दुसरे उदाहरण कोकिळेचे. 'कोकिळा गाते' हे वाक्य आपण किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! वसंतात आमराई दुमदुमवून टाकणारा पक्षी हा कोकीळ, म्हणजे नर आहे. तो काळा कुळकुळीत आणि तांबड्या डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा कर्कश असतो, आणि अंडी ती कावळ्याच्या घरट्यात घालते. मोठा मुलगा असेल, तर तो हे आठवड्याभरात पाहून येईल.

तिसरे उदाहरण सुगरणीचे. विहिरीवरच्या शिंदीला किंवा बाभळीला लोंबणारे ते सुबक खोपे पाहून आपल्या भाषेने त्या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले, आणि बहिणाबाई चौधरींनी त्यावर जी कविता रचली, ती घरोघर पोचली. तथापि खोपा विणतो तो नर. ही गोष्ट आपल्याच कोकणातील एका गावी नीट पाहिली गेली. १९३० साली सालिम अली जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिच्यापुढे दिवसामागून दिवस बसून त्यांनी कोण काय करते याची नोंद ठेवली. त्यांना दिसले ते असे: नर खोपा अर्धा विणतो, माद्या येऊन तो पारखतात, एखादीने पसंत केला, की नर तो पुरा करतो, आणि मादी अंड्यांवर बसली, की तो शेजारी दुसरा खोपा दुसऱ्या मादीसाठी विणू लागतो. तोवर ही घडामोड कोणी इतकी बारकाईने पाहिलेली नव्हती. १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगातील पक्षितज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. मित्रहो, या कामाला प्रयोगशाळा लागली नाही. एक झाड, एक वही आणि ऊठ-सूठ निष्कर्ष न काढण्याचा संयम एवढेच लागले. बहिणाबाईंच्या कवितेचे मोल याने तसूभरही घटत नाही. कवितेने खोप्याकडे पाहण्यास शिकवले. नोंदीने खोप्यात काय घडते ते सांगितले. मुलाला दोन्ही हवीत, आणि दोहोंतील अंतर कळणेही हवे.

चौथे उदाहरण टिटवीचे. रात्री टिटवी ओरडली, की घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच असल्यामुळे ती पायाखाली आली तरी दिसत नाहीत. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस जवळ आला, की ती ओरडून घिरट्या घालते. तिच्या ओरडण्यात कोणाच्या मरणाची वार्ता नसते. आपल्या पिलांच्या जिवाची काळजी असते. घरच्या समजुतीविरुद्ध व्याख्यान देऊन मुलाला अवघडल्यासारखे करण्यापेक्षा, टिटवी कशामुळे ओरडली ते पाहून लिहून आण, एवढेच सांगावे. पाच मुलांच्या पाच नोंदी एकत्र वाचल्या, म्हणजे भीती आपोआप ओसरते.

हे सर्व करावयाचे कसे, याविषयी आता बोलतो.

शनिवारी आपली शाळा सकाळची असते. तो दिवस यास उत्तम. शाळेपासून निघणारी, रहदारी नसलेली अर्धा किलोमीटर वाट निवडावी आणि वर्षभर तीच ठेवावी. वाट बदलली, की नोंदीची तुलना करता येत नाही. विजेचे खांब असतील, तर त्यांना अनुक्रमांक द्यावेत. 'तिसऱ्या आणि चौथ्या खांबांमध्ये, उजव्या हाताच्या चिंचेवर' असे लिहिले, म्हणजे पुढील आठवड्यात दुसऱ्या मुलालाही ती जागा सापडते. एका वेळी दहा-बारा मुलांपेक्षा अधिक नेऊ नयेत. चालावे थोडे, थांबावे अधिक. प्रत्येक थांब्यावर पहिली दोन मिनिटे डोळे मिटून फक्त ऐकावे. झाडीत पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतो. तांबट पक्ष्याची 'टुक् टुक्' तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखी चालू असते. तो बंद चोचीने आवाज काढतो आणि मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कोठून येतो ते उमगत नाही. तांबट शोधून काढणे हा मुलांसाठी उत्तम खेळ आहे. तो वडा-पिंपळावर, पिकल्या फळांच्या दिवसांत हमखास सापडतो.

वहीत सहा रकाने आखावेत: तारीख व वेळ, जागा, पक्ष्यांची संख्या, दिसलेले रंग व आकार, पक्षी काय करीत होता, आणि शेवटी नाव. नावाचा रकाना शेवटी ठेवावा, असा माझा आग्रह आहे. आरंभीच नाव लिहिले, की मूल पाहणे सोडून देते. नावाबरोबर जे ठाऊक आहे तेच त्याला दिसू लागते. नाव कळले नाही, तर रकाना रिकामा राहू द्यावा. रिकामा रकाना ही लाजेची गोष्ट नव्हे. अंदाजाने भरलेला रकाना मात्र सबंध वही बिघडवतो. 'मला दिसले' आणि 'मला वाटले' ही दोन वाक्ये निराळी लिहिण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला विज्ञानाचा पाया मिळाला आणि सत्य बोलण्याचाही. आणखी एक नियम: ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी 'काही दिसले नाही' असे लिहावे. तीही नोंदच आहे. तिचे मोल पुढे सांगतो.

नावांविषयी एक सूचना. भारद्वाजाला कोठे कुंभारकावळा म्हणतात, कोठे सोनकावळा, कोठे कुकुडकोंबा. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा घरांतून आलेली मुले आणखी निराळी नावे सांगतील. त्यांतील एकही नाव चुकीचे म्हणून खोडू नये. उलट, पुस्तकी नावाशेजारी घरचे नाव लिहावे, आणि ते कोणी सांगितले तेही लिहावे. वर्गात मागे बसणारे, वाचनात अडखळणारे मूल रानवाटेवर पुष्कळदा सर्वांच्या पुढे असते. आवाजावरून पक्षी सांगणारे, घरटे कोठे असेल ते अचूक ओळखणारे असे मूल वर्गाने एकदा पाहिले, म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची वर्गाची आणि आपलीही नजर बदलते. जी विद्या त्याने घरून आणली, तिला शाळेच्या वहीत जागा मिळाली, की शाळा त्याला आपली वाटू लागते. केवळ एवढ्यासाठी हा उपक्रम केला, तरी तो वाया जाणार नाही.

गलोल बाळगणारी मुले प्रत्येक गावात असतात. त्यांना रागे भरून वाटेवरून हाकलू नये. पक्षी मारणे वा त्यांची घरटी मोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगावे. परंतु हेही ध्यानात ठेवावे की, गलोल मारणाऱ्याचे डोळे तीक्ष्ण असतात. सालिम अलींच्या हातीही लहानपणी छऱ्याची बंदूक होती. तिने पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्या मुलाला पडला. तो १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला हसून वाटेला लावले नाही. कपाटाचे खण उघडून एकामागून एक पक्षी दाखवले. तेथून एका आयुष्याची दिशा ठरली. आपल्या शाळेत असे खण नाहीत. पण प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला 'चल, पाहू या' असे म्हणणे आपल्या हाती आहे.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. घरट्याजवळ जाऊ नये, त्यावरील फांदी वाकवू नये, अंड्यांना हात लावू नये. हल्ली भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावण्याची खोड वाढली आहे. विणीच्या काळात याने पक्षी व्यर्थ दमतो आणि घरटे उघडे पडते, म्हणून ती टाळावी. ओळख पटवण्यासाठी भ्रमणध्वनीचा उपयोग अवश्य करावा, परंतु मुलांनी वर्णन लिहून झाल्यावर, त्याआधी नाही. आदल्या दिवशी वाट स्वतः चालून पाहावी. वनालगतच्या गावांत, जेथे बिबट्याचा वावर आहे, तेथे अंधुक प्रकाशात मुलांना नेऊ नये आणि पालकांपैकी कोणाला तरी बरोबर घ्यावे. पावसाळ्यात गवतात पाय घालू नये.

वर्षाचे बारा महिने या वहीत कसे उतरतात ते पाहा. ज्येष्ठात पावशाची हाक येते. शेतकऱ्याला ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. त्याच सुमारास डोक्यावर तुरा असलेला, काळा-पांढरा चातक येतो. हे दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर विणीच्या दिवसांत केशरी झाक चढते, आणि मुलांना तो नवा पक्षी वाटतो. भाद्रपद-आश्विनात ओढ्याकाठी शेपटी हलवीत करडा धोबी हजर होतो. तो हिमालयाकडून आणि त्याहीपलीकडून आलेला असतो. तो प्रथम कोणत्या तारखेस दिसला, हे लिहून ठेवावे आणि पुढील वर्षी ताडून पाहावे. फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलली, की एकेका झाडावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि सूर्यपक्षी मध पिण्यास जमतात, आणि त्यांच्या कपाळाला लागलेले पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. परागीभवनाचा पाठ त्या दिवशी त्या झाडाखाली घ्यावा. गणिताच्या तासाला महिन्याची बेरीज आणि स्तंभालेख, भाषेच्या तासाला एका पक्ष्याचे पाच वाक्यांत वर्णन, भूगोलाच्या तासाला धोब्याची वाट: म्हणजे हा आणखी एक बोजा नाही. जे शिकवतोच, त्याला हे उदाहरण आहे.

आता त्या 'काही दिसले नाही' या नोंदीकडे येतो.

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना गावाबाहेर टाकलेल्या मेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे आठवत असतील. ती गेली केव्हा? कोणत्या वर्षी शेवटची दिसली? कोणालाही सांगता येत नाही. कारण 'आज दिसली नाहीत' असे कोणी लिहिले नाही. राजस्थानात भरतपूर येथे मात्र डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडे आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा संख्या कोसळलेली आढळली. जुना आकडा कागदावर होता, म्हणून हा ऱ्हास जगाला कळला. पुढे शोध चालला आणि २००४ साली कारण सापडले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करीत होते. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारांमागे एक, एवढीच उरली. जो पक्षी सर्वत्र होता, त्याची नोंद करावी असे कोणास वाटले नाही, आणि तोच सर्वत्र नाहीसा झाला.

साष्टीतील खेड्यांचे तेच झाले. साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड एटकेन हे सरकारी नोकरीत असताना मुंबईच्या अंगणांतले आणि रस्त्यांवरचे कावळे, चिमण्या, घारी पाहत असत. १९०० साली मुंबईच्या नित्याच्या पक्ष्यांवर त्यांचे पुस्तक निघाले. त्या काळी कोणते पक्षी नित्याचे होते, हे आज सांगता येते ते अशा लिखाणामुळे. परंतु अंधेरीच्या एखाद्या खाचरावर किंवा घाटकोपरच्या एखाद्या ओढ्यावर कोणते पक्षी येत, हे त्या गावात राहून लिहिणारा कोणी नव्हता. खाचरे भरली गेली, ओढे झाकले गेले. तेथे काय होते हेही त्यांच्याबरोबर गेले. अगदी अलीकडचे सांगायचे, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, आणि आरे हे वन म्हणावे की नाही हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, एखाद्या जागेचे काय करावे हा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा तेथे काय राहते याची जुनी, प्रामाणिक, तारखेनिशी लिहिलेली नोंद ज्यांच्याजवळ असते, त्यांचे बोलणे ऐकावे लागते. ज्यांच्याजवळ केवळ आठवण असते, त्यांना आठवणीपाशीच थांबावे लागते.

आपल्या गावांकडेही रुंद रस्ते येत आहेत. ते यावेत, दवाखाना आणि बाजार जवळ येणे कोणाला नको आहे? पण रस्त्याकडेचा वड पाडण्यापूर्वी त्यावर किती तांबट राहत होते, हे कोणाला तरी ठाऊक असावे. ते ठाऊक असेल, तर कदाचित रस्ता दोन हात सरकेल. नाही सरकला, तरी गावाला आपण काय दिले हे कळेल. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत ही नोंद ठेवू शकेल अशी एकच संस्था आहे, जिचे दार दररोज उघडते आणि जिच्यात दरवर्षी नवे डोळे दाखल होतात. ती म्हणजे आपली प्राथमिक शाळा. शिक्षक बदलून जातात, मुले मोठी होतात. वही मात्र शाळेच्या कपाटात राहू शकते. म्हणून ती सुट्या कागदांवर न लिहिता बांधीव वहीत लिहावी, पहिल्या पानावर वाटेचा नकाशा काढावा, आणि बदली झाली तर पदभार देताना ती नव्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हाती मोजून द्यावी.

आरंभ केव्हा करावा, असे विचाराल, तर येत्या शनिवारी, असे मी म्हणेन. तोवर जमले नाही, तर मुहूर्त ठरलेलाच आहे. मराठीतून पक्ष्यांविषयी आयुष्यभर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात चित्रे रंगवणे, घोषवाक्ये लिहिणे हे होतेच. त्याबरोबर एक बांधीव वही आणावी, तीत सहा रकाने आखावेत, आणि अर्धा किलोमीटर वाट चालून यावे. पहिल्या दिवशी कावळा, साळुंकी आणि घार एवढेच दिसले, तर एवढेच लिहावे. गिधाडही एके दिवशी असेच नेहमीचे होते.